नोंद टाळणारी न्याययंत्रणा

न्यायाच्या कारभारात नोंदीला असाधारण महत्त्व असते. फिर्याद केव्हा दाखल झाली, पंचनामा कोणासमक्ष झाला, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, यांतील एक दुवा निखळला तरी खटला कोसळू शकतो. दुसऱ्याच्या घरातील चोरी वेळ-काळासह टिपून ठेवणाऱ्या या यंत्रणेच्या स्वतःच्या दप्तरातूनच माहिती बाहेर गेली, तर तिची नोंद मात्र होईलच अशी खात्री देता येत नाही. ब्रिटनच्या न्याय खात्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये कार्डिफच्या तुरुंगातून एका कैद्याच्या कुटुंबाला ई-मेल गेला. त्याला चुकून १,१८२ कैद्यांची यादी जोडलेली होती. नावे, पत्ते, वंश, शिक्षेची मुदत, सुटकेची तारीख आणि गुन्ह्यांचे सांकेतिक तपशील, असे सारे काही तिच्यात होते. ही चूक तुरुंगाच्या ध्यानात आली नाही; ज्यांना यादी मिळाली त्यांनीच ती कळवली. चौकशीअंती असे उघड झाले, की आधीच्या महिन्याभरात हाच प्रमाद आणखी दोनदा घडला होता आणि कार्यालयाला त्याचा पत्ताही नव्हता. पहिल्या चुकीची नोंद झाली असती, तर पुढच्या दोन टळल्या असत्या.

नोंद झाली तरी काम संपत नाही, हे दुसऱ्या प्रकरणाने दाखवले. ऑक्टोबर २०११ मध्ये हाय डाउन तुरुंगातील सुमारे १६,००० कैद्यांची माहिती असलेली हार्ड डिस्क गहाळ झाली. त्यावर उपाय म्हणून मे २०१२ मध्ये, अशा डिस्क वापरणाऱ्या ७५ तुरुंगांना माहिती कुलूपबंद करण्याची सोय असलेल्या नव्या डिस्क पुरवण्यात आल्या. मात्र ती सोय स्वतंत्रपणे सुरू करावी लागते, हे तुरुंग खात्याच्या लक्षातच आले नाही. मे २०१३ मध्ये अर्लस्टोक तुरुंगातून अशीच एक डिस्क हरवली. तिच्यात २,९३५ कैद्यांबरोबरच गुन्ह्यांना बळी पडलेल्यांचीही माहिती होती. कुलूप विकत आणले, पण किल्ली फिरवली की नाही हे वर्षभर कोणी पाहिले नाही. या दोन्ही प्रकरणांत माहिती आयुक्तांनी न्याय खात्याला अनुक्रमे १ लाख ४० हजार आणि १ लाख ८० हजार पौंडांचा दंड केला. अर्थात सरकारी खात्याचा दंड सरकारी तिजोरीतच जमा होतो. ज्यांचे पत्ते उघडे पडले, त्यांच्या पदरी त्यातून काही पडत नाही.

पहिला अंदाज अखेरचा मानता येत नाही, हा धडा २०२५ मध्ये मिळाला. कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या संगणकांत शिरकाव झाल्याचे २३ एप्रिलला कळले. त्याची व्याप्ती समजली त्यापेक्षा बरीच मोठी असल्याचे १६ मे रोजी उमगले. म्हणूनच अशा घटनेची नोंद एकदा लिहून मिटवून टाकता येत नाही. काय गेले, कोणाचे गेले, कोणाला कळवले, कोणता उपाय योजला आणि तो प्रत्यक्षात अमलात आला हे कोणी तपासले, एवढी उत्तरे मिळेपर्यंत ती उघडी राहिली पाहिजे.

नोंदी का होत नाहीत, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. चूक कळवणाऱ्या कारकुनाच्या हाती मेमो पडतो. लपवणाऱ्याचे बहुधा काही बिघडत नाही. हा व्यवहार उलटा केल्याशिवाय कोणतीही नोंदवही भरणार नाही. अनवधानाने झालेली चूक तत्काळ सांगणाऱ्यास अभय आणि दडवणाऱ्यास शासन, असा स्पष्ट नियम हवा.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सरकारी संस्थांवरही सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन आहे. पण ते कळवणे सरकारला, नागरिकाला नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याच्या आठव्या कलमात, माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवण्याचे कर्तव्य सांगितले आहे. सतराव्या कलमाने मात्र न्यायालयीन कामासाठी आणि गुन्ह्यांच्या तपासासाठी हाताळल्या जाणाऱ्या माहितीला त्यातून वगळले आहे. माहिती सुरक्षित राखण्याचे कर्तव्य कायम. ती फुटल्याचे सांगण्याचे मात्र नाही!

तपासाच्या गुप्ततेसाठी काही सवलत आवश्यक असते, हे मान्य. परंतु २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद करते. तोच पत्ता फुटला, तर सर्वांत आधी कळायला हवे ते त्या साक्षीदाराला. कारण दाराशी कोण येईल याची धास्ती त्याला आहे, खात्याला नाही. सरसकट सवलतीऐवजी, तपासाला बाध येत असेल तेवढ्यापुरताच आणि मुदतबंद विलंब कायद्याने मान्य करावा. सामान्य माणसाकडून सत्य वदवून घेणाऱ्या यंत्रणेने त्याच्यापासून सत्य लपवावे, हे न्यायाला शोभणारे नाही.