थेंब एकटा सुकत नाही

द्राक्षबागेत फवारणीची वेळ ठरवताना आपल्यापैकी अनेकजण कोरड्या आणि ओल्या तापमापीतला फरक पाहतात आणि जोडीला थेंबाच्या आयुष्याचा जुना तक्ता वापरतात. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर १०० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब साधारण १६ सेकंदांत आणि ५० मायक्रॉनचा ४ सेकंदांत संपतो, असे तो तक्ता सांगतो. व्यास निम्मा झाला की आयुष्य पावपट होते. यातूनच बारीक थेंब हवेतच विरतात, ते शेजारच्या प्लॉटपर्यंत जात नाहीत, अशी समजूत रुजली आहे. निर्यातीच्या मालात औषधांचे उर्वरित अंश तपासले जात असताना ही समजूत महागात पडू शकते.

तक्त्यातला थेंब एकटा असतो, भोवतालची हवा स्थिर असते आणि तिचा कोरडेपणा कधी संपत नाही. फवारणीच्या ब्लोअरच्या झोतात यातले काहीच नसते. समजा, पंखा मिनिटाला ५०० घनमीटर हवा फेकतो आणि नोझलमधून १० लिटर पाणी जाते. म्हणजे दर घनमीटर हवेत २० ग्रॅम पाणी आले. ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची हवा मात्र बाष्पीभवनाने स्वतःच थंड होत जाते आणि घनमीटरमागे जेमतेम पावणेचार ग्रॅम पाणी घेऊन संपृक्त होते. सगळे पाणी उडायचे तर झोताने बाहेरची कोरडी हवा ओढून घेत एकूण हवा मूळ हवेच्या पाचपटीहून अधिक केली पाहिजे. हे काम झोतातले भोवरे करतात, पण सगळीकडे सारखे नाही. कडेच्या थेंबाला कोरडी हवा भिडते आणि तो लगेच आटतो. त्याच मापाचा दुसरा थेंब दमट हवेच्या कप्प्यात सापडला तर कितीतरी वेळ टिकतो.

वाऱ्याने दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, मग झोतातले थेंब का नाही, असा प्रश्न रास्त आहे. कपडा जागेवर असतो आणि हवा त्याच्यावरून जाते. बारीक थेंब मात्र हवेसोबतच वाहतो, त्याच्या आणि हवेच्या वेगात फरक जवळजवळ उरत नाही. म्हणून वाऱ्याचा तो फायदा मोठ्या थेंबाला मिळतो, बारकाला नाही. २०२१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये खोकल्याच्या दमट झोताचे संगणकीय अनुकरण प्रसिद्ध झाले. ५० टक्के आर्द्रतेत १० मायक्रॉनच्या थेंबाचे आयुष्य विल्यम वेल्स यांच्या १९३४च्या हिशेबापेक्षा ३० पटींहून जास्त निघाले, ९० टक्क्यांना सुमारे १५० पट. खोकला म्हणजे ब्लोअर नव्हे, हे खरे. हे आकडे बागेत जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दमट झोत थेंबाला जपतो ही यंत्रणा दोन्हीकडे तीच आहे.

तक्ता इतकी वर्षे उपयोगी पडला, मग आता तो टाकायचा का? मुळीच नाही. कोणती वेळ कोणत्या वेळेपेक्षा बरी, हे तो नीट सांगतो. दुपारी तापमाप्यांतला फरक १० अंशांच्या वर गेला की थांबावे, हा नियम योग्यच आहे. चूक होते ती पहाटे. फरक २ अंशांच्या खाली, वारा पडलेला, थंड हवा जमिनीलगत साचलेली. अशा वेळी बारीक तुषार विरत नाहीत, आडवे सरकत राहतात. आणि पाणी उडाले तरी औषध सहसा उडत नाही, त्याचा सुका कण तसाच तरंगतो. त्यामुळे बाष्पीभवनावर भरवसा ठेवून भरकटणे आटोक्यात येणार नाही. ते नोझलपाशीच रोखायला हवे: गरजेपेक्षा जास्त दाब नको, झिजलेल्या चकत्या वेळेवर बदलाव्यात, पंख्याची हवा कॅनोपीच्या वाढीप्रमाणे कमी-जास्त करावी. छाटणीनंतरच्या विरळ पानोळ्यात पूर्ण वेगाचा पंखा म्हणजे औषध ओळीपलीकडे ढकलणेच होय. बांधालगतच्या शेवटच्या ओळीत बाहेरच्या बाजूचे नोझल बंद ठेवून फक्त आतल्या दिशेने फवारावे.