साथीदारांची नावे

बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाचे नाव निघताच आमच्या करवीरातील कित्येक वडील मंडळी अद्यापि नाक मुरडतात, तर तरुण त्याच नावाने भारावून जातात. उभयतांस आमची विनंती आहे की, त्या वृंदातील जॉर्ज हॅरिसन यांची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही फारशी कोणास ठाऊक नसलेली ध्वनिमुद्रिका एकवार ऐकावी. एका चित्रपटाकरिता रचलेल्या या संगीताचा बराच भाग मुंबईस, एच. एम. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात, १९६८ च्या जानेवारीत तयार झाला.

त्या सुमारास विलायतेत स्वप्नवत् संगीताची लाट होती व सतारीचे वेड लागले होते. त्यातील पुष्कळसे उथळ होते, हे कबूल. त्याच्याशी जडलेल्या मादक पदार्थांची तरफदारी तर आम्ही मुळीच करणार नाही. परंतु मुंबईस झाले ते कष्टाचे काम होते. तेथे द्विमार्गी मुद्रणाचे यंत्र नव्हते. भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणले. रस्त्यावरील रहदारीचा आवाज आत शिरे. अशा स्थितीत आशिष खाँ यांचा सरोद, शिवकुमार शर्मा यांचे संतूर, विनायक व्होरा यांची तारशहनाई आणि हनुमान जाधव यांची सनई मुद्रित झाली. ती सनई जुन्या राजवाड्याच्या नगारखान्याखालून जाणाऱ्यास परकी वाटणार नाही.

या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली गेली. मात्र त्याच बैठकांत मुद्रित झालेले ‘द इनर लाइट’ मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस निघाले, तेव्हा तबकडीवर गाणारे-वाजविणारे म्हणून केवळ बीटल्स होते. वस्तुतः त्या गीतातील एकही वाद्य बीटल्सपैकी कोणी वाजविलेले नाही!

विलायतकरांस दोष देण्यापूर्वी आपल्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका पाहावी. गाणाऱ्या मुलीचे नाव ठळक. पेटी-तबल्यावर बसलेल्या मुलांचे कोठेच नाही. अल्लादियाखाँसाहेबांचे नाव या नगरीत सर्वांस ठाऊक. त्यांच्या साथीस कोण बसे, हे कोण सांगेल? मुलगा दहावीस आला की पालक प्रथम त्याचा तबला बंद करतात. ज्याचे नाव कागदावर नाही, तो त्यांच्या दृष्टीस नुसता ठोकीत बसलेला दिसतो.

पुढील पत्रिकेत साथीदारांसाठी दोन ओळी राखाव्यात, अशी चालकांस आमची सूचना आहे. कागदाचा खर्च वाढणार नाही.