अंगठा आवरा राव!

एक विधान करतो, शिव्या नंतर द्या. ‘छैंया छैंया’ हे ‘दिल से’मधलं सगळ्यात भारी गाणं नाही!

झालं बोलून. आता जरा ऐका. गाणं भन्नाट आहे, वादच नाही. सुखविंदर सिंग आणि सपना अवस्थीचा तो आवाज, निलगिरीतली ती धावणारी गाडी, टपावर शाहरुख आणि मलायका... २००२ मध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने जगभरातल्या श्रोत्यांकडून आवडती गाणी मागवली, तेव्हा पहिल्या दहांत हे गाणं होतं. सगळं मान्य. पण १९९८च्या त्या अल्बममध्ये आणखी पाच गाणी आहेत बॉस, आणि त्यातलं ‘ए अजनबी’ तुमच्यापैकी कितीजणांनी शेवटपर्यंत ऐकलंय?

सिनेमातला नायक आकाशवाणीत नोकरीला आहे. जिचा पत्ता माहीत नाही अशा मुलीच्या मागे तो वेडा झालाय. ‘ए अजनबी’ ऐकताना मला कायम वाटतं, की उदित नारायण तिला गाणं म्हणत नाहीये, रेडिओवरून निरोप सोडतोय. पोचला तर पोचला! मधूनच महालक्ष्मी अय्यरचा आवाज येतो, एका स्टेशनात दुसरं स्टेशन मिसळावं तसा. हे गाणं कुठल्याही हळदीला वाजत नाही, कोणाची कॉलर ट्यून नसते. आणि तरीही रहमान आणि गुलजार यांनी त्या अल्बममध्ये काय करून ठेवलंय हे कळायचं असेल, तर रस्ता याच गाण्यावरून जातो.

फक्त हिट गाणं ऐकून अल्बमवर मत देणं म्हणजे फोटो बघून स्थळ पसंत करणं. फोटो छानच असतो हो. प्रश्न पुढचा असतो!

चार सेकंदांत निकाल

माझ्या क्युबिकलच्या शेजाऱ्याला गाणं आवडलं की नाही हे ठरवायला चार सेकंद लागतात. हेडफोन कानात, अंगठा स्क्रीनवर आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरचे भाव. टिंग... नेक्स्ट. टुंग... नेक्स्ट. सकाळी चहा येईपर्यंत हा माणूस चाळीस गाणी ‘ऐकून’ मोकळा! त्याला ‘कुन फाया कुन’ पाठवलं, तर म्हणाला, ‘आठ मिनिटं? अरे, एवढ्यात माझा क्लायंट कॉल संपतो.’

त्याच्यावर हसू नका. आपण सगळेच थोडेफार असे झालोय. आणि गाणी करणाऱ्यांनाही ते कळलंय. स्पॉटिफायच्या हिशोबात एखादं गाणं किमान तीस सेकंद वाजलं, तरच ते ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. म्हणजे सगळी मारामारी पहिल्या तीस सेकंदांची. मग लांब प्रील्यूड कशाला? आलाप कशाला? मुखडा उचला आणि थेट दारातच उभा करा! हल्लीची बरीच गाणी ऐकताना मला रिक्षा स्टँडवर उतरल्यासारखं वाटतं. सगळे एकदम अंगावर येतात.

आता कोणी म्हणेल, वेळेचं बंधन काय आज आलंय? बरोबर, ते जुनंच आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानने ग्रामोफोनसाठी गाणी रेकॉर्ड केली, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची. मैफिलीत जो राग तासभर रंगायचा, तो त्या तीन मिनिटांत बसवायचा. आपलं भावगीतही त्या तबकडीच्या मापातच वाढलं. पण त्या तीन मिनिटांत गाण्याला सुरुवात होती, मध्य होता, शेवट होता. आणि तबकडी लावणारा माणूस ती संपेपर्यंत बसायचा, कारण पुन्हा उठून सुई उचलायचा कंटाळा! तेव्हा माप तबकडीचं होतं. आता ते आपल्या अंगठ्याचं आहे, आणि अंगठ्याला दम म्हणून नाही.

सनई आणि गिटार

या अंगठ्यापायी आपलं काय काय हुकतं? ‘रॉकस्टार’ (२०११) घ्या. अल्बममध्ये चौदा ट्रॅक. ‘साड्डा हक’ सगळ्यांना पाठ. माझ्या मते मात्र ते या अल्बममधलं सगळ्यात सोपं गाणं आहे. ओरडायला काय लागतं? खरी गंमत अशी की नायकाची जवळपास सगळी गाणी एकट्या मोहित चौहानकडे दिलीत. ओळीने ऐकलंत, तर एक पोरगा मोठा होताना, मग उद्ध्वस्त होताना ऐकू येतो. सिनेमा बघितला नाही तरी चालेल, इतकं ते कानांनी दिसतं.

आणि मधे कुठेतरी दडलाय ‘द डायकॉटमी ऑफ फेम’ नावाचा एक ट्रॅक. शब्द नाहीत. एक सनई आणि एक गिटार. नुसती बोलतायत एकमेकांशी. म्हाताऱ्याने काहीतरी समजवावं आणि तरुणाने ऐकून न ऐकल्यासारखं करावं, असं. पडद्यावर ती सनई शम्मी कपूरच्या हातात आहे. ऑगस्ट २०११ मध्ये तो गेला आणि नोव्हेंबरमध्ये सिनेमा आला. एकेकाळी पडद्यावर अख्खं काश्मीर डोक्यावर घेणारा तो माणूस इथे शांत बसलाय... आणि हा ट्रॅक चार सेकंदवाल्यांच्या हाती लागला तर संपलाच. त्यात ‘कॅची’ काहीच नाही ना!

‘कुन फाया कुन’चंही तेच. त्यात हिरोचा आवाज बऱ्याच उशिरा येतो. आधी कोरस, मग जावेद अली. दर्ग्यात गेल्यावर चपला काढायच्या, मागे जागा शोधायची, गुपचूप बसायचं, तसं गाणं आधी तुम्हाला बसवतं. ते पहिले दोन-तीन मिनिट काढून टाकले, तर मागे काय उरतं? छान चाल उरते, दर्गा जातो.

‘झिंगाट’ने केलेला घोळ

आता घरच्या मैदानावर येऊ. ‘सैराट’ (२०१६). गाणी फक्त चार. पण आपण काय केलं? ‘झिंगाट’ उचललं, डीजेच्या ताब्यात दिलं आणि बाकीची तीन पाहुण्यांसारखी कोपऱ्यात बसवली.

माझं प्रामाणिक मत, ‘झिंगाट’ हे चौघांतलं सर्वांत हुशार गाणं आहे, पण सर्वांत मोठं नाही. मोठं आहे ‘सैराट झालं जी’. अजय-अतुल यांनी या अल्बमसाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला, ही बातमी तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केली. पण का केला, यावर कोणी फार बोललं नाही. मला वाटतं ते असं आहे. एवढी व्हायोलिनं, एवढा थाट पडद्यावर कोणाच्या वाट्याला येतो? राजाला, योद्ध्याला, फार तर बुडणाऱ्या जहाजाला. इथे तो थाट उसाच्या फडात पळणाऱ्या दोन पोरांना दिलाय. ज्यांच्या प्रेमाला त्यांच्याच गावात किंमत शून्य, त्यांच्यासाठी अख्खा ऑर्केस्ट्रा उभा राहतो. संगीतकार त्या दोघांची बाजू घेतात, आणि तीही न बोलता.

म्हणून चारही गाणी ओळीने ऐका. ‘याड लागलं’पासून सुरू करा आणि ‘झिंगाट’वर संपवा. सिनेमातही ‘झिंगाट’ संपतं आणि मजेचे दिवस संपतात. पुढे गाणं नाही. आणि अगदी शेवटी तर नागराज मंजुळे आवाजच काढून घेतात. ती शांतता इतकी अंगावर येते, कारण त्याआधी चार गाण्यांनी आपले कान भरलेले असतात. लग्नात ‘झिंगाट’वर नाचताना हे आठवलं तर पाय क्षणभर थबकतो. माझा थबकतो. मग मी पुन्हा नाचतो, तो भाग वेगळा!

सगळंच ऐकायचं असं नाही हं

गैरसमज नको. प्रत्येक अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकावा असं मी म्हणत नाहीये. दोन बरी गाणी, त्यांचे तीन रीमिक्स आणि एक ‘सॅड व्हर्जन’ असा माल मीही खुशाल फॉरवर्ड करतो. माझ्या लाडक्या ‘देव डी’मध्येही (२००९) अठरा ट्रॅक आहेत आणि त्यातले दोन-तीन मला आजही जास्तीचे वाटतात. पण ‘इमोशनल अत्याचार’ आधी वरातीच्या ब्रास बँडवर आणि मग रॉकमध्ये ऐकलं, की एकच दुःख गल्लीत कसं वाजतं आणि डोक्यात कसं वाजतं, हे लख्ख कळतं. अमित त्रिवेदीला या सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

आणि ‘गारवा’! नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेला, मिलिंद इंगळे आणि सौमित्र म्हणजे किशोर कदम यांचा अल्बम. तिथे आधी कविता बोलली जाते, मग गाणं येतं. कविता उडवून थेट गाण्यावर जाणारे लोक मला भेटलेत. पावसात भजी मागवायची आणि चहा नको म्हणायचं, असा हा प्रकार. मला स्वतःला बोललेला भागच जास्त आवडतो. ढग आधी भरून येऊ दे की. पाऊस काय, पडेलच.

आधी सेतू, मग जन्म

‘कन्सेप्ट अल्बम’ म्हटलं की आपली मंडळी लगेच पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’वर (१९७३) पोचतात. जबरदस्तच आहे तो. पण आपल्याकडे एक याच्याही आधीचा आहे, आणि तो अल्बम म्हणून आलाच नव्हता. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गाणं लागायचं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचं. वर्ष उलटेपर्यंत छप्पन्न गाणी झाली. गीतरामायण! पुढचं गाणं ऐकायला लोक आठवडाभर थांबायचे. आणि आपल्याला जाहिरातीचे पाच सेकंद जड जातात.

माझी आजी तेव्हा पुण्यात शाळेत होती. वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडात, त्यामुळे सगळा वाडा तिथे जमायचा. मागच्या वर्षी तिला खूश करायला मी फोनवर गीतरामायण लावलं. ॲपने आपल्या मर्जीने शफल केलं. आधी सेतू बांधून झाला, मग रामाचा जन्म झाला, आणि तो रांगायच्या आत वनवास! आजी पलंगावरून ओरडली, ‘अरे, हे काय चाललंय? जायचाय अजून तो!’

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग मी सगळी गाणी ओळीने लावून दिली आणि आवाज फुल केला. तिला ऐकू कमी येतं, मशीन लावायला ती तयार नाही. मी विचारलं, ‘आजी, शब्द कळतायत का तुला?’ ती म्हणाली, ‘सगळे नाही कळत रे. पण यापुढे कुठलं आहे ते ठाऊक असतं ना, म्हणून ऐकू येतं.’

हे वाक्य डोक्यातून जात नाही. कान थकले, तरी क्रम तिच्याजवळ आहे. एक गाणं संपताना पुढचं तिच्या आत आधीच सुरू झालेलं असतं. सत्तर वर्षांपूर्वी दर आठवड्याला थांबून थांबून जमवलेली ती पुंजी आहे, आणि आता ती कामाला येतेय.

आपण ऐंशीचे होऊ, तेव्हा आपल्याकडे काय असेल? आपल्याला तर रोज नवी प्लेलिस्ट, रोज नवी रांग. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे ठाऊक व्हायला तेच गाणं त्याच जागी पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. मशीनला आपली आवड कळते म्हणे. असेलही. पण आपली आवड आपल्यालाच पाठ नसेल, तर काय उपयोग?

या आठवड्याचा होमवर्क

वेळ नाही म्हणू नका. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने साधारण तास लागतो. त्यात ‘दिल से’ची सहाही गाणी आरामात बसतात आणि वर डुलकीलाही वेळ उरतो. मंगळवारी ‘सैराट’, चारच तर आहेत. बुधवारी ‘गारवा’, कवितांसकट. गुरुवारी आणि शुक्रवारी मिळून ‘रॉकस्टार’. शफल बंद. फोन खिशात. अंगठा आवरा! आणि रविवारी घरातल्या कोणा मोठ्या माणसाला विचारा, त्यांच्या आवडत्या गाण्यानंतर कॅसेटवर कुठलं गाणं होतं. बघा, क्षणात सांगतील. बहुतेक म्हणूनही दाखवतील.

आणि एवढं करूनही ‘ए अजनबी’ आवडलं नाही तर? तर खुशाल शिव्या द्या. फक्त अट एकच, गाणं पूर्ण ऐकून द्यायच्या.