शुक्रवारचे ताट

‘शुक्रवार पाळणे’ हा शब्दप्रयोग आमच्या धर्मग्रामांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी मांसत्यागाऐवजी प्रार्थना वा परोपकाराची कृत्ये असे पर्याय ठरविण्याची मुभा देशोदेशींच्या बिशपांना दिली. आम्ही मुभा तेवढी उचलली. पर्याय सोयीस्करपणे विसरलो. या विस्मरणात आम्ही धर्मगुरूही भागीदार आहोत, हे आधीच कबूल करतो.

आज त्या जुन्या व्रताची साक्ष विज्ञान देत आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे मिथेन वायू सोडतात आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता धरून ठेवतो. मानवी व्यवहारांतून होणाऱ्या उष्णतावर्धक वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली नमूद केले. इंग्लंड व वेल्सच्या बिशपांनी २०११ साली शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा लागू केला. सुमारे चतुर्थांश कॅथलिकांनीच आहार बदलला. तरीही वर्षाकाठी ५५ हजार टनांहून अधिक कार्बन उत्सर्जन टळले, असा हिशेब केंब्रिजच्या अभ्यासकांनी २०२२ साली मांडला.

यावर आमचे काही बंधू विचारतील, “दुसऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्यांची या देशात कमी आहे काय? त्यांत आता चर्चचीही भर?” प्रश्न रास्त आहे. परंतु सक्ती आणि व्रत यांत महदंतर आहे. सक्ती दुसऱ्याच्या ताटावर बोट ठेवते; व्रत स्वतःच्या. ज्या गरिबाच्या घरी सणालाच मटण शिजते, त्याला उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमचा सवाल आहे तो आठवड्यातून चार दिवस मांसाहार करणाऱ्यांना आणि लग्नाच्या मांडवात ताटेच्या ताटे उष्टी टाकणाऱ्यांना. शुक्रवारी मटण टाळून महागड्या पापलेटावर ताव मारणाऱ्यांनीही आपण नेमका कशाचा त्याग केला, हे स्वतःला विचारावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वसुंधरेचा आणि दीनदुबळ्यांचा आक्रोश एकच असल्याचे सांगितले. त्याच्या प्रती आम्ही वाटल्या, परिसंवाद भरविले आणि परिसंवादानंतर बिर्याणीवर बसलो! ही विसंगती प्रथम आमच्याच पंगतीतून दूर झाली पाहिजे. येत्या शुक्रवारी धर्मगुरुनिवासात डाळभात आणि वाडीतली भाजी शिजू द्या. मग व्यासपीठावरून बोलण्याचे धैर्य आम्हाला आपोआप येईल.