आधी संवर, मग निर्जरा

जिनपूजेत चंदनासह उगाळले जाणारे केशर काश्मीरच्या पांपोर परिसरात पिकते; अलीकडे ते महाराष्ट्रातही बंद खोल्यांत घेतले जाऊ लागले आहे. फुले उमलताना केशराच्या कंदाला सुमारे १५ ते १७ अंश तापमान लागते. म्हणून पुष्कळ जण प्रथम मोठे वातानुकूलन यंत्र विकत घेतात, आणि हिशेब तेथेच चुकतो. तापलेले छप्पर, नऊ इंची वीटभिंत व दाराची फट यांतून उष्णता अखंड आत येते. यंत्र ती रात्रंदिवस बाहेर टाकत राहते आणि वीजबिल नफा गिळून टाकते.

दोन इंची पफ पॅनेल नऊ इंची वीटभिंतीच्या सुमारे सहापट उष्णता अडवते. मात्र त्याचे सांधे नीट बुजवले पाहिजेत. अन्यथा बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते आणि बुरशी माजते. मग द्रव्यहानीबरोबर जीवहिंसाही पदरी येते. दिव्यांची वीजही अखेर उष्णताच होते. फुलोऱ्यापुरते अन्न कंदातच साठलेले असल्याने मंद प्रकाश पुरतो.

शास्त्रातील तलावाचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. येणारा प्रवाह न अडवता उपसा करणाऱ्याचा तलाव कधीच रिकामा होत नाही. आस्रव रोखणे हा संवर, साठलेले झिजवणे ही निर्जरा. या खोलीत भिंतीचे अस्तर हा संवर आणि यंत्र ही निर्जरा होय. सुज्ञ व्यापाऱ्याने खर्चाचा क्रमही तोच राखावा.