रुपयाची मोड

भोरच्या पंतसचिवांकडे वंशपरंपरेने आलेले पद मूळचे सुरनिशीचे, म्हणजे महालोमहालीचे हिशेब आणि राजपत्रे तपासून शुद्ध करण्याचे. आणि ज्या मुलुखावर १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत या घराण्याचा अंमल होता, त्या भोर-वेल्ह्यातील मुलांच्या हातून, मोबाईलवर पैसे चुकते करण्याच्या या काळात, हिशेबाचा पहिला पाठ, म्हणजे नाण्यांची मोड, सुटत चालला आहे, याची मला खंत वाटते.

दहा रुपयांची मोड किती प्रकारांनी होते, असे चौथीच्या मुलास विचारावे. तो अंदाजाने नाणी मांडू लागला तर काही प्रकार दोनदा येतील व काही राहून जातील. परंतु मोठ्या नाण्यापासून क्रमाने उतरत जाण्याची शिस्त त्याला दिली, म्हणजे दहाचे एक नाणे हा एक प्रकार, पाचाची दोन हा दुसरा, पाचाचे एकच घेऊन उरलेले पाच रुपये एक-दोनांनी भागवण्याचे तीन आणि पाचाचे एकही न घेता सहा, असे अकरा प्रकार त्याच्या हाती येतात. आणि मुख्य म्हणजे, बारावा प्रकार संभवतच नाही, हे तो स्वतःच्या बुद्धीने जाणतो. ही निश्चिती पाठांतराने कदापि येत नाही.

जुन्या चलनात हा पाठ अधिक सुंदर होता. आणा, चवली, पावली, अधेली ही नाणी क्रमाने दुप्पट होत जाणारी असल्यामुळे प्रत्येकी एकच कनवटीस असले तरी पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम नेमकी देता येई, आणि अखंड रुपया धरून सोळा आण्यांचे ३६ प्रकार होत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आले. त्याने व्यवहार सुलभ केला, हे निर्विवाद आहे, मात्र आज एक, दोन व पाच रुपयांचे एकेक नाणे घेऊन चार किंवा नऊ रुपये जुळत नाहीत. दोनाचे आणखी एक नाणे लागते. पुढे १९६८ मध्ये वीस पैशांचे नाणे निघाले, तेव्हा तर मोठ्यात मोठे नाणे आधी उचलावे ही दुकानदारांची सवयही सदोष ठरली: चाळीस पैशांसाठी पंचवीस, दहा व पाच अशी तीन नाणी मोजण्यापेक्षा विसाची दोनच पुरत. ही उदाहरणे मुलांसमोर ठेवावीत. नियम कोठे चालतो आणि कोठे फसतो, हे कळण्यास याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

तोरण्या-राजगडाच्या पायथ्याच्या शाळांना यासाठी मोठ्या तरतुदीची गरज नाही. एकाची दहा, दोनाची पाच, पाचाची दोन आणि दहाचे एक, अशी चाळीस रुपयांची खरी नाणी एका थैलीत घालून प्रत्येक वर्गास द्यावी. तेवढ्यात अकराही प्रकार आळीपाळीने मांडून होतात, आणि वर्ष संपल्यावर पंचायत समितीच्या दप्तरी ती रक्कम जशीच्या तशी जमा करता येते.