घरांतील प्रयोगशाळा : शिट्ट्या मोजणारें यंत्र

परीक्षेचें पुस्तक बाजूस सारून तारा जोडीत बसलेल्या मुलाविषयीं आपल्या घरांतून फारसें चांगलें बोललें जात नाहीं. बिघडलेला पंखा त्यानें सुरू केला तर त्या दिवसापुरतें कौतुक होतें, एरवीं "हे रिकामपणाचे उद्योग कशाला?" हा प्रश्न ठरलेला. अशा वेळीं शंकर आबाजी भिसे यांचें स्मरण अप्रस्तुत होणार नाहीं. १८६७ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या गृहस्थांनीं वयाच्या चौदाव्या वर्षीं कोळशापासून गॅस काढण्याचें उपकरण घरच्या घरीं तयार केलें. पुढें मुंबईंतच त्यांनीं शास्त्राची आवड असणाऱ्यांचें एक मंडळ काढलें, उपनगरी आगगाडीसाठीं स्थानक दाखविणारें यंत्र योजिलें, आणि साखर-पिठासारखा जिन्नस आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्यास विलायतेंतील स्पर्धेंत बक्षीस मिळविलें. छापखान्याचे खिळे ओतणारें त्यांचें प्रसिद्ध यंत्र त्यानंतरचें. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं तो कोळशाचा उद्योग वेळींच बंद पाडला असता तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

आज असल्या उद्योगाच्या सामग्रीसाठीं लांब जावें लागत नाहीं. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. जुनें लॅमिंग्टन रोड हेंच नांव अजून पुष्कळांच्या तोंडीं आहे. गिरगांवांतून पायीं जाण्याजोग्या या रस्त्यावरील दुकानांतून उष्णता, ओलावा, प्रकाश, अंतर व आवाज जाणणारे सेन्सर सुटे मिळतात. त्यांच्या जोडीस आर्डुइनोच्या जातीचा एक लहान बोर्ड घेतला कीं प्रयोगशाळा उभी राहते. हा आर्डुइनो २००५ सालीं इटलींत विद्यार्थ्यांसाठींच निघाला.

एक उदाहरण सविस्तर पाहूं. वरणभाताचा कुकर लावून गृहिणी दुसऱ्या कामास लागते, आणि शिट्ट्या तीन झाल्या कीं चार, हा घोळ होतो. आवाजाचा सेन्सर लावावा व प्रत्येक मोठ्या आवाजास आंकडा एकानें वाढवावा, ही सहज सुचणारी युक्ति. चाळींत ती तासभरहि टिकणार नाहीं. दाराची कडी, मिक्सर, भाजीवाल्याची आरोळी, सारें शिट्टींतच जमा!

न्यूरल नेटवर्काचें काम येथें पडतें. शिट्टी कशास म्हणावें याचे नियम यंत्रास सांगत बसावयाचे नाहींत, उदाहरणें ऐकवावयाचीं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत फ्रँक रोझेनब्लॅट यांनीं 'परसेप्ट्रॉन' नांवाचें यंत्र ४०० प्रकाशसंवेदक जोडून बनविलें होतें. येणाऱ्या प्रत्येक संकेतास कमीअधिक वजन द्यावयाचें, आणि उत्तर चुकलें कीं तीं वजनें थोडथोडीं बदलावयाचीं, हें त्याचें तत्त्व. आजचीं अवाढव्य नेटवर्कें याच मुळाचा विस्तार आहेत.

तर मुलानें आठवडाभर स्वयंपाकघरांतील आवाजाचे सेकंद-सेकंदाचे तुकडे टिपावे व त्यांचे दोन ढीग करावे : शिट्टी आणि इतर. दुसरा ढीग अधिक महत्त्वाचा, कारण यंत्र चुकणार तें तेथेंच. कांहीं तुकडे शिकवणींत न घालतां परीक्षेसाठीं राखून ठेवावे. घोकलेलींच उदाहरणें विचारलीं तर परीक्षा कसली? घरच्या संगणकावर शिकवणी झाली म्हणजे उरलेल्या वजनांचें कोष्टक त्या लहान बोर्डावर मावतें. लांबलेली एकच शिट्टी दोनदां मोजली जाऊं नये म्हणून एकीनंतर कांहीं क्षण थांबण्याची आज्ञाहि द्यावी.

एवढें करूनहि शेजारच्यांचा कुकर उरतोच. त्याची शिट्टी खरीच शिट्टी असते. नेटवर्क बिचारें तिला नाहीं कसें म्हणणार? उपाय शिकवणींत नाहीं. आपल्या शेगडीजवळ, परंतु ज्योतीपासून बेतानें दूर, उष्णतेचा एक सेन्सर बसवावा, आणि आपली शेगडी पेटलेली असेल तरच मोजावें. दोन्हीं घरीं एकाच वेळीं कुकर लागले तर मात्र गृहिणीचाच कान खरा. असे प्रश्न कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत येत नाहींत, म्हणूनच या उद्योगास मी रिकामपणाचा म्हणत नाहीं.

एका बाबतींत मात्र वडीलधाऱ्यांनीं दक्ष राहिलेंच पाहिजे. आपण घरांत एक कान बसवीत आहों. बाजारांत मिळणाऱ्या बोलक्या यंत्रांपैकीं पुष्कळ यंत्रें ऐकलेला शब्द समजून घेण्यासाठीं कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवितात. स्वयंपाकघरांत आजारपणाचें, देण्याघेण्याचें, मुलीस आलेल्या स्थळाचें बोलणें होतें. तें उंबऱ्याबाहेर कोठें जातें हें विकत घेणारास सहसा दिसत नाहीं. घरीं केलेल्या यंत्रांत आवाज तेथल्या तेथें तपासून टाकून देतां येतो आणि उरतो फक्त आंकडा. ज्यानें तें जोडलें त्यास हें आजीला उघडून दाखवितां आलें पाहिजे. शिकवणीसाठीं टिपलेल्या तुकड्यांतहि घरच्यांचें बोलणें उतरतें. म्हणून टिपण्यापूर्वीं सर्वांना विचारावें व काम होतांच तुकडे पुसून टाकावे.

बाकी सूचना थोड्याच. काम ५ व्होल्टांच्या विजेवरच करावें. भिंतींतल्या २३० व्होल्टांस मुलांनीं हात लावूं नये. बोर्ड वाफेपासून दूर ठेवावा. आणि यंत्रानें शिट्ट्या मोजून घंटा वाजवावी, इतकेंच. शेगडी बंद करण्याचें काम त्याजकडे देऊं नये.